टेमोझोलोमाइड : किमो घरी येते तेव्हा

मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन होतं, टाके निघतात, काही दिवसांनी बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडतो आणि त्यावर ‘ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४’ असं छापलेलं असतं. किमोथेरपी म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांपुढे सलाइनचा स्टँड आणि दिवसभराचं ॲडमिशन उभं राहतं. डॉक्टर मात्र चिठ्ठीवर कॅप्सूल लिहून देतात. टेमोझोलोमाइड. मेडिकलवरून आणायच्या आणि घरी पाण्याबरोबर गिळायच्या. ‘एवढंच ना?’ म्हणून नातेवाइकांना हायसं वाटतं आणि नेमकी तिथेच गडबडीला सुरुवात होते. सलाइनमधून जाणाऱ्या किमोवर नर्स, फार्मासिस्ट आणि डॉक्टर अशा तिघांचा डोळा असतो. ही किमो संभाजीनगरच्या सिडकोतल्या फ्लॅटमध्ये किंवा पैठण तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर सून, मुलगा नाहीतर बायको देत असते. या औषधाचा निम्मा कारभार घरच्यांच्या हाती असतो, हे डॉक्टरांच्या पाच मिनिटांच्या बोलण्यात नीट उतरत नाही. हा लेख त्या घरच्यांसाठी आहे.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. ‘मेंदूत गाठ आहे’ एवढ्यावर हे औषध सुरू होत नाही. मेंदूच्या आवरणातून वाढणाऱ्या मेनिंजिओमावर ते सहसा देत नाहीत. फुप्फुसातून किंवा स्तनातून मेंदूत पसरलेल्या कॅन्सरचा उपचार वेगळा असतो. आपल्याकडे टीबीची गाठ आणि फीतकृमीच्या अळीमुळे होणारा न्यूरोसिस्टिसरकोसिसही एमआरआयवर कधी कधी ट्यूमरसारखा दिसतो, आणि त्यांची औषधं तर पार निराळी. त्यामुळे बायोप्सीचा लेखी रिपोर्ट हवाच. गाठ अगदी अडचणीच्या जागी असल्याने तुकडा काढता आला नसेल, तर तसं डॉक्टरांकडून स्पष्ट समजून घ्या. टेमोझोलोमाइड मुख्यतः ग्लायोमा या जातीच्या गाठींवर, त्यातही ग्लायोब्लास्टोमा आणि ॲस्ट्रोसायटोमावर वापरतात.

रिपोर्टसोबत बायोप्सीच्या तुकड्याचे मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड लॅबकडून मागून घ्या. ऑपरेशनच्या धावपळीत हे हमखास राहून जातं. पुढे मुंबईत दुसरं मत घ्यायचं झालं किंवा आयडीएच, १पी/१९क्यू, एमजीएमटी या गाठीच्या जनुकीय तपासण्या करायच्या झाल्या, की तिथला डॉक्टर पहिल्यांदा ब्लॉकच मागतो. कागदावरचा रिपोर्ट त्याला पुरत नाही.

एमजीएमटीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण या तपासणीवरून घरात फार घोळ होतो. टेमोझोलोमाइड रक्तातून मेंदूत शिरू शकतं. बहुतेक किमोच्या औषधांना रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत ओलांडता येत नाही, ते याला जमतं. आत गेल्यावर ते पेशीच्या डीएनएवर मिथाइल नावाचा छोटा गट चिकटवतं आणि विभागत असलेली पेशी त्या बिघाडाने मरते. काही गाठींमध्ये मात्र एमजीएमटी हे प्रथिन मुबलक असतं आणि ते हा चिकटवलेला गट काढून टाकतं. गाठीत एमजीएमटीचं जनुक बंद पडलेलं असेल, म्हणजे रिपोर्टच्या भाषेत ‘मिथायलेटेड’ असेल, तर औषधाला मोकळं रान मिळतं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रेडिएशन आणि हे औषध दोन्ही मिळालेल्या रुग्णांचं मध्यक आयुष्य मिथायलेटेड गटात २१.७ महिने होतं, अनमिथायलेटेड गटात १२.७ महिने. रिपोर्ट ‘अनमिथायलेटेड’ आला म्हणून सत्तरीच्या आतल्या, बऱ्यापैकी हिंडत्याफिरत्या रुग्णाचं औषध कोणी काढून घेत नाही. रुग्ण वयस्कर आणि अशक्त असेल, तेव्हा मात्र रेडिएशन, कॅप्सूल की दोन्ही हे ठरवायला हाच रिपोर्ट कामाला येतो. तपासणीवर पैसे खर्च करण्याआधी ‘या रिपोर्टने आमच्या पेशंटच्या उपचारात काय बदलेल?’ एवढं विचारून बघा.

आकडे ऐकायचे असतील तर सरळ ऐका. हे औषध १९८०च्या दशकात बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठात मॅल्कम स्टीव्हन्स यांच्या चमूने तयार केलं. ग्लायोब्लास्टोमावर त्याचा आजचा वापर रूढ झाला तो रॉजर स्टुप यांच्या नेतृत्वाखालच्या २००५च्या चाचणीमुळे. त्यात ५७३ रुग्ण होते. फक्त रेडिएशन घेतलेल्यांचं मध्यक आयुष्य १२.१ महिने आलं, रेडिएशनसोबत कॅप्सूल घेतलेल्यांचं १४.६. अडीच महिन्यांसाठी एवढा खटाटोप, असं कोणालाही वाटेल. पण मध्यक म्हणजे निम्मे त्याआधी गेले आणि निम्मे त्यानंतरही जगले. त्याच चाचणीत दोन वर्षांनी हयात असलेले पहिल्या गटात १०.४ टक्के होते, दुसऱ्या गटात २६.५ टक्के. पाच वर्षांनी १.९ टक्के आणि ९.८ टक्के. माझ्या मते निर्णय घेताना हेच आकडे समोर ठेवावेत. औषध गाठ कायमची पुसून टाकत नाही. काहींना ते वर्षं देतं, सगळ्यांना नाही, आणि कोणाला देईल ते आधी सांगता येत नाही. ‘शंभर टक्के बरं करतो’ म्हणणारा भेटला तर तिथून उठून या.

पहिले सहा आठवडे

उपचाराचे दोन टप्पे असतात आणि दोन्हींतला डोस, दिवस, वेळ सगळं वेगळं असतं. पहिला टप्पा रेडिएशनसोबतचा. रेडिएशन सोमवार ते शुक्रवार, साधारण ३० बैठका. कॅप्सूल मात्र रोज, शनिवार-रविवारसुद्धा, ४२ दिवस. ‘आज शेक नाही तर गोळी कशाला’ असं घरोघरी होतं. दिवाळीला विभाग बंद राहिला तरी कॅप्सूलला सुट्टी नसते. मशीन बिघडून रेडिएशन लांबलं, तर कॅप्सूल किती दिवस वाढवायच्या ते डॉक्टर ठरवतील. एकूण ४९ दिवसांच्या पुढे सहसा जात नाहीत.

डोस उंची आणि वजनावरून काढतात. समजा पेशंटची उंची १६२ सेंटिमीटर आणि वजन ५८ किलो आहे. त्याच्या शरीराचं पृष्ठफळ साधारण १.६ चौरस मीटर भरतं. पहिल्या टप्प्यात दर चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम, म्हणजे रोज १२० मिलिग्रॅम. एक १००ची आणि एक २०ची कॅप्सूल. हा हिशेब तुम्ही करायचा नाही, पण चिठ्ठीवरचा आकडा आणि हातातल्या कॅप्सूलची बेरीज जुळते का, ते रोज पाहायचं. कॅप्सूल ५ पासून २५० मिलिग्रॅमपर्यंत वेगवेगळ्या ताकदीच्या येतात. घाईत एकीच्या जागी दुसरीच हातात येऊ शकते. प्रत्येक ताकदीच्या कॅप्सूल वेगळ्या डब्यात ठेवा, डब्यावर मोठ्या अक्षरात आकडा लिहा, आणि कात्रीने पट्टी कापून सुट्या कॅप्सूल एकत्र करू नका.

कॅप्सूल रिकाम्या पोटी घ्यायची, कारण अन्नाबरोबर घेतली तर शरीरात कमी शोषली जाते. रेडिएशनच्या दिवशी बहुतेक डॉक्टर बैठकीच्या तासभर आधी घ्यायला सांगतात. त्याआधी अर्धा तास उलटीची गोळी, बहुधा ऑनडानसेट्रॉन. पूर्ण ग्लासभर पाणी, कॅप्सूल अख्खी गिळायची, चावायची नाही, उघडून दुधात मिसळायची नाही. उलटी झाली आणि कॅप्सूल बाहेर पडली तरी त्या दिवशी दुसरी देऊ नका. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी नेहमीचाच डोस. पेशंटला गिळता येत नसेल तर घरी तोड काढू नका, रेडिएशन विभागातल्या नर्सला सांगा.

या टप्प्यात अनेकांना सेप्ट्रान किंवा तशाच गोळ्या लिहून देतात. फुप्फुसात न्यूमोसिस्टिस नावाचा संसर्ग होऊ नये म्हणून त्या असतात. ‘ताप नाही, खोकला नाही, मग ही अँटिबायोटिक का?’ म्हणून त्या बंद करू नका. सल्फाची ॲलर्जी असेल तर मात्र पहिल्या दिवशीच सांगा. हेपॅटायटिस बीची तपासणीही औषध सुरू होण्याआधी झाली आहे ना, ते फाइलमध्ये बघून घ्या. तो विषाणू शरीरात दबून असेल तर या औषधाने पुन्हा डोकं वर काढू शकतो.

पाच दिवस घ्यायचं, तेवीस दिवस थांबायचं

रेडिएशन संपल्यावर साधारण चार आठवडे विश्रांती असते. मग दुसरा टप्पा : पाच दिवस कॅप्सूल, त्यानंतर तेवीस दिवस काही नाही, मग पुन्हा पाच दिवस. अठ्ठावीस दिवसांची एक सायकल, अशा सहा. काही डॉक्टर बारा देतात, विशेषतः आयडीएच बदल असलेल्या काही गाठींमध्ये. ग्लायोब्लास्टोमात सहाच्या पुढे ठोस फायदा दिसलेला नाही, म्हणून पुढे चालू ठेवायचं असेल तर कारण विचारा.

या टप्प्यात डोस आधी दुप्पट आणि मग त्याहूनही जास्त होतो. पहिल्या सायकलला दर चौरस मीटरला १५० मिलिग्रॅम आणि सोसलं तर दुसऱ्या सायकलपासून २००. आपल्या १.६ चौरस मीटरच्या पेशंटला म्हणजे रोज २४० आणि मग ३२० मिलिग्रॅम. आधी सहा आठवडे रोज खायची सवय लागलेली असते. त्यामुळे घरचे हा वाढलेला डोसही रोज देत राहतात, पाच दिवसांवर थांबत नाहीत. या औषधाबाबत होऊ शकणारी सगळ्यांत घातक चूक हीच. अस्थिमज्जा पार बसते, पेशी तयार होणं थांबतं आणि पेशंट दगावू शकतो. मेडिकलवाल्याने पाकिटावर नुसतं ‘रोज दोन’ असं पेनाने खरडलं असेल तर तसंच परत द्या आणि ‘१ ते ५ तारीख, मग बंद’ असं तारखांसकट लिहून घ्या. एका वेळी एकाच सायकलच्या कॅप्सूल आणा. स्वस्त पडतात म्हणून तीन महिन्यांच्या एकदम आणून कपाटात ठेवल्या की चुकीला वाव मिळतो, आणि मध्येच डोस बदलला तर पैसेही वाया जातात.

भिंतीवरच्या कालनिर्णयला इथे काम द्या. अठ्ठावीस दिवस म्हणजे बरोबर चार आठवडे, त्यामुळे प्रत्येक सायकल त्याच वारी सुरू होते. पहिल्या दिवसाचा वार, आठव्याचा, पंधराव्याचा आणि बाविसाव्याचा वार एकच. बाविसाव्या दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, करायची असते, कारण पेशी सगळ्यांत खाली जातात त्या साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. म्हणजे बुधवारी सुरुवात केली तर बुधवारीच रक्त द्यायचं. पुढची सायकल सुरू होण्याआधी पुन्हा एक सीबीसी. सोमवारी सुरुवात करू नका असं मी सुचवेन, कारण मग आदल्या दिवशी रविवार येतो. ओपीडी बंद आणि रिपोर्ट बघायला कोणी नाही. मंगळवार किंवा बुधवार सोयीचा. पाच दिवसांवर लाल पेनाने गोल करा, रक्ताच्या दिवशी फुली मारा, आणि कॅप्सूल पोटात गेल्यावरच गोलावर रेघ ओढा. मोबाइलचा अलार्म बंद करून माणूस विसरतो. भिंतीवरची न ओढलेली रेघ सगळ्या घराला दिसते.

रिपोर्टवर तीन ओळी वाचायला शिका : हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि ॲबसोल्यूट न्यूट्रोफिल काउंट. प्लेटलेट १ लाख आणि न्यूट्रोफिल १५०० हे उंबरठ्याचे आकडे. यांच्या खाली असतील तर नवी सायकल सुरू करायची नाही, आठवडाभर थांबून पुन्हा तपासायचं आणि डॉक्टरांना विचारायचं. इथे एक फसवी गोष्ट आहे. पेशंट डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड घेत असेल तर पांढऱ्या पेशी त्या औषधानेच वाढून दिसतात. आणि त्याच गोळीने तापही दबतो. त्यामुळे ‘ताप नाही, पेशी बऱ्या आहेत’ यावर भरवसा ठेवू नका. पेशंट अचानक मलूल झाला, थंडी वाजली, लघवीला जळजळ झाली, तरी दाखवा.

ताप १००.४च्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री तुमच्या रुग्णालयात जा. लांब राहत असाल तर जवळच्या ठिकाणी जा. संभाजीनगरच्या घाटी या शासकीय रुग्णालयाचा अपघात विभाग चोवीस तास चालू असतो. तिथल्या ड्युटीवरच्या डॉक्टरला तुमची सगळी कहाणी नको असते. ‘मेंदूची गाठ आहे, टेमोझोलोमाइड चालू आहे, आज सायकलचा एकविसावा दिवस’ हे एक वाक्य आधी सांगा आणि शेवटची सीबीसी दाखवा. हिरड्यांतून रक्त, अंगावर जांभळे डाग, काळी शी यांतलं काही दिसलं तरी तेच. डोकं दुखतं म्हणून गावातल्या डॉक्टरकडून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घेणं किंवा आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन खाणं टाळा. प्लेटलेट कमी असताना ते महागात पडू शकतं.

आणखी दोन औषधं सहसा सोबत असतात. डेक्सामेथासोनने मेंदूची सूज उतरते, पण साखर वाढते, झोप उडते, भूक खवळते, तोंडात पांढरी बुरशी येते. ते स्वतःहून एकदम बंद करू नका. झटक्यांची गोळी, बहुधा लेव्हेटिरासेटाम, एकही वेळ चुकवू नका. तिने काहींचा स्वभाव चिडचिडा होतो. ‘आमचे भाऊ असे नव्हते’ असं बायका रडून सांगतात. तो राग गोळीचा असू शकतो, डॉक्टरांना सांगितलं तर गोळी बदलता येते. झटका आलाच तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा घालू नका. नाकाला कांदा नको आणि चप्पलही नको. पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट रुग्णालय.

जेवण, उपास आणि मेचं ऊन

दुसऱ्या टप्प्यात रात्री जेवल्यावर दोन-तीन तासांनी, झोपताना कॅप्सूल घेतली तर बऱ्याच जणांना मळमळ कमी जाणवते. आधी उलटीची गोळी, अर्ध्या तासाने कॅप्सूल, मग झोप. वेळ कोणतीही निवडा, पण रोज तीच ठेवा. ऑनडानसेट्रॉनने बद्धकोष्ठता होते आणि ती या औषधाची सगळ्यांत कंटाळवाणी तक्रार आहे. पाणी, पपई, कोमट पाण्यातून इसबगोल हे पहिल्या दिवसापासून सुरू करा. तीन दिवस शी झाली नाही तर विचारून औषध घ्या. थकवा येतो, कॅप्सूलच्या पाच दिवसांनंतरच्या आठवड्यात जास्त. त्याला आळस म्हणू नका.

‘नान-खलिया खाल्ला तर चालेल का?’ या शहरात हा प्रश्न येणारच. चालेल. घरी शिजवलेला, गरमागरम, आणि कॅप्सूलच्या वेळेच्या आसपास नको. पेशी खाली असताना उघड्यावरचा उसाचा रस, बर्फाचा गोळा, गाडीवरची हिरवी चटणी हे मात्र सोडा. भाकरी, वरण, अंडी, ताजं घरचं दही यांना कोणी मनाई केलेली नाही. उपास आणि रोजे यांबद्दल डॉक्टरांशी आधी बोला. कॅप्सूलच्या पाच दिवसांत दिवसभर पाणी न पिणं मला योग्य वाटत नाही, आणि आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची मुभा असते हे कुटुंबातल्या वडीलधाऱ्यांनीच पेशंटला सांगितलेलं बरं; त्याला ते स्वतः म्हणवत नाही. नवरात्राचे नऊ दिवस नुसत्या पाण्यावर काढणाऱ्या आजींनाही तेच लागू. गुळवेलाचा काढा, ‘कॅन्सरवरची’ पुडी, कोणी आणून दिलेलं चूर्ण चालू असेल तर लपवू नका. टेमोझोलोमाइडने यकृतावर ताण येऊ शकतो आणि गुळवेलानेही काहींच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदलं गेलं आहे. दोन्ही सोबत चालू असताना यकृताची तपासणी (एलएफटी) बिघडली तर दोष कोणाचा ते कळत नाही आणि किमो थांबवावी लागते.

मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या वर जातो. कॅप्सूल पंचवीस-तीस अंशांच्या आत ठेवायच्या असतात, नेमकं किती ते खोक्यावर छापलेलं असतं. गाडीच्या डॅशबोर्डवर, एसटीच्या टपावरच्या बॅगेत, पत्र्याच्या घरात माळ्यावर त्या ठेवू नका. फ्रिजची गरज नाही. घरातली सर्वांत गार, कोरडी जागा पुरते. फुटलेल्या कॅप्सूलची भुकटी त्वचेला, डोळ्याला लागू देऊ नका, हातमोजे घालून ओल्या कागदाने पुसा आणि हात साबणाने धुवा. घरात गरोदर बाई असेल तर तिने या कॅप्सूलला हातच लावू नये. पेशंटची उलटी किंवा लघवी साफ करतानाही मोजे घालावेत.

तरुण पेशंटला विचारायला संकोच वाटेल असा एक मुद्दा आहे. या औषधाचा परिणाम बीजावर होतो. पुढे मूल हवं असेल तर पहिली कॅप्सूल घेण्यापूर्वी वीर्य साठवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला, नंतर उशीर होतो. उपचार चालू असताना गर्भ राहू देऊ नये. तो संपल्यावरही स्त्रियांनी सहा महिने आणि पुरुषांनी तीन महिने काळजी घ्यायची असते.

कुठे, किती पैशांत

संभाजीनगरात आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय घाटीच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे. मराठवाड्यातल्या जिल्ह्यांबरोबर बुलढाणा, वाशीमकडचे पेशंटही तिथे येतात. शहरातल्या काही खासगी रुग्णालयांतही रेडिएशन होतं. माझं मत असं, की दुसरं मत हवं असेल तर परळच्या टाटा रुग्णालयात किंवा त्याच्या खारघरच्या केंद्रात एकदा जरूर जा, उपचाराचा आराखडा लिहून आणा. पण सहा आठवडे मुंबईत भाड्याने राहून जे घ्यायचं तेच रेडिएशन आणि त्याच कॅप्सूल इथे मिळत असतील तर इथे घ्या. घरचं जेवण, आपली माणसं आणि रात्री-बेरात्री दहा मिनिटांत रुग्णालय, हे मुंबईतल्या खोलीत मिळत नाही. रेडिएशनच्या तांत्रिक बाबीमुळे डॉक्टरांनीच मुंबई सांगितली असेल तर गोष्ट वेगळी. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाचे अनेक पेशंट उतरतात. रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचारासाठीच्या प्रवासात स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. देवगिरी एक्सप्रेसचं रिझर्व्हेशन करायच्या आधी तो हातात असू द्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता पांढऱ्या रेशन कार्डधारकांसह राज्यातली सगळी कुटुंबं येतात, आणि वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेत असलेल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन ऑपरेशनच्या आधीच त्याला भेटा. उपचार सुरू झाल्यावर, रोख पैसे भरल्यावर मग योजना आठवली तर परवानगी मिळवताना दमछाक होते. माहितीसाठी १५५३८८ किंवा १८००-२३३-२२०० या क्रमांकांवर फोन करा.

कॅप्सूल विकत घ्यायची वेळ आली तर हे लक्षात ठेवा : टेमोझोलोमाइड राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, म्हणजे त्याची कमाल किंमत सरकार ठरवतं. पेटंट संपलेलं आहे, भारतीय कंपन्यांची जेनेरिक मिळतात आणि छापील किमतीवर चांगली सूट मिळू शकते. दोन-तीन ठिकाणी विचारा. पण बिल, बॅच नंबर आणि एक्स्पायरी यांवर तडजोड नको. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी कॅन्सरच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत दुसरंच भरून विकणारी टोळी पकडली होती. ‘ओळखीतून अर्ध्या भावात’ मिळणाऱ्या औषधापासून लांब राहिलेलं बरं. आणि प्रत्येक वेळी कंपनी बदलली तर खोका नीट वाचा, कॅप्सूलचा रंग बदललेला असतो.

रेडिएशन संपल्यावर महिनाभराने पहिला एमआरआय होतो. त्यात गाठ मोठी दिसली म्हणून पहिल्याच दिवशी धीर सोडू नका. रेडिएशन आणि कॅप्सूलच्या परिणामाने सूज येऊन गाठ वाढल्यासारखी दिसते आणि काही आठवड्यांनी पुन्हा कमी होते, असं पहिल्या तीनेक महिन्यांत बऱ्याच पेशंटमध्ये घडतं. ‘ही खरी वाढ आहे की उपचाराची सूज?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचाराच. उत्तर नक्की नसेल तर काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करतात. जुन्या एमआरआयच्या सीडी टाकून देऊ नका, तुलना त्यांच्याशीच होते.

खरी वाढ असेल तर पुढे लोमुस्टिन, बेव्हॅसिझुमॅब अशी औषधं असतात. त्यांचा फायदा बहुधा मर्यादित असतो. अशा वेळी ‘अजून काय देता येईल?’ याच्या आधी ‘दिलं तर त्याचे दिवस कसे जातील?’ हे विचारा. उत्तर ऐकायला घरातला निर्णय घेणारा माणूस स्वतः हजर हवा, फोनवर नको. वेदना, झटके, गिळण्याची अडचण यांच्यासाठी पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांची मदत किमो चालू असतानाही घेता येते. ती घेतली म्हणजे उपचार सोडला असं होत नाही.

उपचार थांबल्यावर घरात कॅप्सूल उरतात. त्या कचऱ्यात, संडासात किंवा नाल्यात टाकू नका. दुसऱ्या पेशंटच्या नातेवाइकाला ‘वाया जायला नको’ म्हणून देऊ नका. त्याचं पृष्ठफळ वेगळं, डोस वेगळा, कदाचित आजारही वेगळा. न उघडलेल्या पट्ट्या बिलासकट दुकानात परत घेतात का विचारा, बाकीच्या रुग्णालयाच्या किमो विभागात नेऊन द्या.